धावफलकाच्या पोटातले दोघे

लेशेक व्रोनाला लोक खडूस म्हणायचे. म्हणू दे. होताच तो खडूस. पण बफेलो हेरन्स या बेसबॉलच्या संघासाठी त्याने जेवढा जीव टाकला तेवढा संघाच्या मालकानेसुद्धा टाकला नाही. हे ज्याला पटत नाही त्याने पुढे ऐकूच नये.

पोलादाच्या कारखान्यात पट्ट्यात हात सापडून त्याची डाव्या हाताची दोन बोटं गेली. कारखान्याने घरी बसवलं. त्याच वर्षी मोठ्या लीगने नवे संघ वाढवायचं ठरवलं आणि त्यातला एक बफेलोला मिळाला. आता नवा संघ बनतो कसा? जुने संघ आपली चांगली पोरं झाकून ठेवतात. उरतात ते म्हातारे, दुखरे, डोक्याने फिरलेले. त्यातून नव्याने उचलायचे. निवड झाली त्या दिवशी लेशेक रेडिओला चिकटून बसला होता. एकेक नाव ऐकून हसत होता.

"सगळे माझ्यासारखेच की गं," बायकोला म्हणाला. "फेकलेले."

झालं, संघ त्याचा.

मैदानावरच काम मिळालं. मैदानाच्या मागच्या टोकाला मोठा धावफलक होता, आतून पोकळ. आत शिड्या, आकड्यांचे पत्रे आणि बाहेर बघायला भोकं. पाहुण्या संघाच्या आकड्यांची रांग लेशेककडे, हेरन्सची रांग बोलेक ग्रुश्काकडे. बोलेक त्याच्याच गल्लीतला. तोंडाला कुलूप म्हणून नाही. उन्हाळ्यात त्या पेटीची भट्टी व्हायची, दोघं बनियनवर बसून एकमेकांची खेचायचे.

"ए आठबोट्या, टांग की पाच. आता पुढे आपली पोरं मारतील."

"तू तुझी शून्यं पुस. कोळ्यांनी जाळी केलीत त्यांच्यावर."

हेरन्स हरायचे. पहिल्या वर्षी लोक हसत हसत यायचे, मग नुसते यायचे, मग यायचेच बंद झाले. कारखाने बसले, गल्लीतली पोरं गाव सोडून गेली. शेवटी मालकाने संघ दक्षिणेत विकला. तिकडे ऊन आहे म्हणे, नवं मैदान आहे म्हणे.

घरच्या मैदानावरच्या शेवटच्या सामन्याला हेरन्सकडून चेंडू टाकणारा पिचर होता रॉय टिबेट्स. खांदा गेलेला, चार संघांनी टाकलेला. आणि त्या दिवशी त्याला काय झालं कोण जाणे, नऊपैकी सात इनिंग झाल्या तरी समोरच्यांना एकही हिट नाही, म्हणजे बेस गाठून देणारा एकही फटका नाही. लेशेकच्या रांगेत, हिटच्या घरात, शून्य.

अशा वेळी कुणी त्या शून्याचं नाव काढत नाही. पिचरशेजारी बाकावर कुणी बसत नाही, रेडिओवाला शब्द गिळतो, लोक उगाच हवापाण्याचं बोलतात. नाव काढलं की गेलं. हे बेसबॉल कळणाऱ्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. लेशेक तर श्वाससुद्धा मोजून घेत होता. त्याला एवढंच हवं होतं. संघ जाणार तर जाऊ दे, पण पूर्ण सामना एकही हिट न देता काढला, हे बफेलोच्या नावावर कायमचं राहील. ते कुठल्या मालकाला उचलून नेता येणार नाही.

आठवी इनिंग, दोन बाद. बोलेकने भोकाला डोळा लावला होता. त्याचे डोळे भरून आले.

"लेशेक! अरे, एक हिट नाही रे अजून! आपल्या पोरांनी..."

"गप!"

पुढचाच चेंडू. बॅटच्या कडेला लागून वर उडाला आणि दुसऱ्या बेसच्या मागे, आपल्या तीन क्षेत्ररक्षकांच्या मध्ये, मेल्यासारखा पडला.

वरून, गुण लिहिणाऱ्याच्या खोलीतून, फोन वाजला. एक हिट.

लेशेकने एकचा पत्रा काढला आणि बोलेकच्या छातीवर धरला. "तू लाव."

"लेशेक, अरे मी या पेटीत बोललो. कुणी ऐकलं तरी का?"

"मी ऐकलं."

बोलेकने शिडी चढून तो एक टांगला. हेरन्सने तो सामना जिंकला, पण ते कुणालाच आठवत नाही.

त्यानंतर लेशेक बोलेकशी बोलला नाही. बोलेकने पिएरोगी, सारण भरलेल्या पोलिश करंज्या, पाठवल्या, पातेलं झाकणासकट परत गेलं. हिवाळ्यात बोलेक सकाळी येऊन लेशेकच्या दारातला बर्फ ओढून जायचा. लेशेक पडद्याआडून बघायचा, दार उघडायचा नाही. मैदान पाडलं, धावफलक भंगारात गेला, तरी नाही. लेशेकची बायको गेली तेव्हा बोलेक दफनभूमीच्या फाटकाशी टोपी हातात घेऊन उभा होता. लेशेक शेजारून निघून गेला.

मग फुप्फुसं बसून बोलेकही गेला. लेशेक चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसला. सगळं आटोपल्यावर बोलेकची बायको यानिना सरळ त्याच्याकडेच आली.

"एक विचारते, लेशेक. रेडिओवर सामना लागला ना, कुणाचाही, की हा तोंडावर हात धरून बसायचा. मी म्हणायचे, अरे तुझा संघ गेला ना आता, मग कोणाला घाबरतोस? नुसती मान हलवायचा. सामना संपला की मगच हात काढायचा. इतकी वर्षं. तू सांगितलं होतंस का त्याला तसं?"

"नाही," लेशेक म्हणाला. "मी त्याला काहीच सांगितलं नाही."

घरी आला तर दारात बर्फ तसाच पडलेला. त्याने खोरं बाहेर काढलं. डाव्या हाताने ते नीट धरवेना. थोडा ओढला, मग तिथेच पायरीवर बसला.