डेल्फियाने दस्ता कापला

"पोरीला बंदुकीच्या मापाची करायची नसते, बंदूक पोरीच्या मापाची करायची असते," असं डेल्फिया हॉबर्टच्या दुकानात भर सकाळी बोलली होती. ऑगस्टात विझलेल्या शेगडीभोवतीसुद्धा सवयीने बसलेले पुरुष तंबाखू चघळायचे थांबले.

हॉबर्टच्या दुकानात खिळे, दोर, कोंबड्यांचं खाद्य असं सगळं मिळे, आणि मागच्या भिंतीवर रायफली टांगलेल्या असत. केंटकीच्या त्या खोऱ्यात मूल दहा वर्षांचं झालं की खारींच्या शिकारीचा मोसम लागायच्या आधी आजोबा त्याला पहिली रायफल देतो, बारीक गोळीची, पॉइंट बावीसची. निवडतोही आजोबाच, आईबापाने मध्ये बोलायचं नसतं. आजोबा लोक पुऱ्या मापाची, लांब रायफल उतरवायला सांगत, आणि हॉबर्ट तीस वर्षं एकच वाक्य म्हणत आला होता, "वाढेल तशी बसेल." पोराचा हात चापापर्यंत पोचत नसे. मग ते दस्ता, म्हणजे बंदुकीचं मागचं लाकूड, खांद्याला लावायचं सोडून काखेत दाबत असे, मान वाकडी करत असे, आणि ती वाकडी मान जन्माची होत असे. हे हॉबर्टला दिसत होतं. पण गिऱ्हाइकाला कोण शिकवणार?

डेल्फिया नदीपलीकडच्या खुर्च्या बनवणाऱ्याची मुलगी. शाळेच्या स्वयंपाकघरात तीनशे पोरांसाठी घेवड्याचं कालवण आणि मक्याचा पाव करायची. नवरा आर्विल चार वर्षांपूर्वी खाणीत छत कोसळून त्याखाली सापडला. तो गेल्यावर माहेरी जा म्हणून सगळ्यांनी सांगून पाहिलं. ती सासऱ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी, स्वतःच्या दोन खोल्यांत, राहिली ती राहिलीच.

त्या सकाळी ती मुलीला, लोटीला, घेऊन आली, आणि थेट भिंतीकडे गेली.

"हॉबर्टभाऊ, ती मधून बिजागरीवर मोडणारी काढा. एका गोळीची."

"ती? अगं, ती गरिबाची बंदूक," टॉलिव्हर शेगडीजवळून म्हणाला. त्याला जगात फक्त बोलायचं काम होतं. "पोरीला छर्ऱ्याची घे. खार मेली नाही तरी हसून हसून पडेल."

"तू रोज बोलतोस, टॉलिव्हर, एकतरी पडली का?"

बाकीचे हसले. डेल्फियाने रायफल बिजागरीवर मोडून नळी रिकामी असल्याची खात्री केली, मग दस्त्याचं टोक लोटीच्या कोपराच्या आत टेकवलं. लोटीचं बोट चापाच्या तीन बोटं अलीकडे राहिलं.

"आता ते घड्याळ बघ," ती म्हणाली. लोटीने दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये एक भोक ठेवलं, त्यातून भिंतीवरचं घड्याळ धरलं आणि हात हळूहळू तोंडाकडे आणले. भोक डाव्या डोळ्यावर येऊन थांबलं. पुन्हा केलं. पुन्हा डावाच; म्हणजे नेमाचा डोळा डावा.

हॉबर्टने ते पाहिलं. आर्विलही असाच होता.

दाराशी ट्रक थांबला. ईनस आत आला, आर्विलचा बाप, आणि हातात आर्विलची रायफल. दहा वर्षांच्या आर्विलसाठी त्याने ती हॉबर्टकडूनच घेतली होती. लांब, अक्रोडाच्या लाकडाची, गोळी भरायची खिटी उजव्या अंगाला असलेली. पोराने डाव्या खांद्याला लावली की बाप मानेवर थाप मारायचा. आर्विल जन्मभर उजव्या खांद्यावरून डाव्या डोळ्याने नेम धरत राहिला आणि जन्मभर चुकत राहिला.

"लोटे, ये. ही तुझी," ईनस म्हणाला. "तुझ्या बापाची."

"आर्विलने हिने नेम धरला की खारी निवांत जेवायला बसायच्या," टॉलिव्हर म्हणाला. या वेळी कुणी हसलं नाही.

"मामंजी," डेल्फिया म्हणाली, "ती डाव्या डोळ्याची आहे. डाव्या खांद्यानेच मारेल. आणि दस्ता तीन बोटं कापावा लागेल."

"या लाकडाला करवत लागणार नाही. आमच्या घरात कुणी डावं नव्हतं."

"होता एक. त्याला तुम्ही उजवा केलात."

ईनसचा चेहरा दगडासारखा झाला. "मी त्याला माणूस केला."

"त्याला हे लोक वीस वर्षं हसले. तोही त्यांच्यात बसून हसायचा. घरी येऊन काय करायचा, ते मी पाहिलंय."

"हॉबर्ट," ईनस वळला. "सांग हिला. काय म्हणायचास तू? वाढेल तशी बसेल. सांग."

सगळे हॉबर्टकडे बघू लागले. ईनस त्याचं सर्वांत जुनं गिऱ्हाईक. ते वाक्य ओठांपर्यंत आलं आणि तिथेच मेलं.

"बसत नाही, ईनस," तो म्हणाला. "कधीच बसली नाही."

डेल्फिया कुणाची परवानगी न घेता गल्ल्यामागे गेली, खिळ्यावरची करवत उचलली, एका गोळीच्या रायफलीच्या दस्त्याच्या टोकाची पट्टी काढली, पेन्सिलने रेघ मारली आणि गुडघा टेकून करवत चालवू लागली. बापाच्या खुर्च्यांचे पाय कापलेले हात ते. भुसा सरळ रेषेत पडत होता. तुकडा सुटला तेव्हा तिने कापलेली बाजू एप्रनवर घासली आणि रायफल लोटीच्या डाव्या खांद्याला लावली. गाल लाकडावर आपोआप टेकला. मान सरळ राहिली.

"ती बंदूक घेऊन माझ्या डोंगरावर चढायचं नाही," ईनस म्हणाला. "दोघींनीही. अक्रोडाची सगळी झाडं माझी आहेत. खोऱ्यातल्या सगळ्या खारी तिथे आहेत. कुठे नेशील पोरीला? खाण कंपनीने उकरलेल्या मातीत? बोल की."

डेल्फियाने पैसे गल्ल्यावर ठेवले. रायफल मोडून लोटीच्या हातात दिली, नळी जमिनीकडे. मग तिचा दुसरा हात धरला आणि ईनसच्या खांद्याला खांदा घासत दाराबाहेर पडली.