काकांची तिसरी काडेपेटी

आमच्या प्रयोगशाळेत कुणी नवं माणूस आलं, की काका आधी त्याच्या हातावर रिकामी काडेपेटी ठेवत आणि मग नाव विचारत. "उद्या सकाळी भरून आणा. वर नाव घाला, पेट्या सगळ्या सारख्याच दिसतात." कशानं भरायची हे सांगावं लागत नसे, कारण दारावरच 'मलतपासणी' अशी पाटी होती. लोकांच्या पोटातले जंत शोधण्यात काकांचा जन्म गेला होता आणि त्याचा त्यांना जराही कंटाळा आलेला नव्हता. अफझलगंजच्या त्यांच्या गल्लीतले पानवाले त्यांच्यासाठी रिकाम्या पेट्या जमवून ठेवत.

नवे डायरेक्टरसाहेब आले तेव्हा त्यांनाही पेटी मिळाली. साहेब तडकले. "मेरे पेट में क्या है, मेरे को नहीं मालूम क्या?"

काका अदबीनं म्हणाले, "हुजूर को मालूम है. डिब्बी को भी मालूम होना."

एका पेटीवर काका कुणालाच सोडत नसत. तीन दिवस, तीन पेट्या, तेव्हा कुठे रिपोर्टावर 'निर्दोष' हा शब्द पडे. साहेबांच्या पहिल्या दोन पेट्या स्वच्छ निघाल्या आणि तिसरीत अमीबा सापडला. तेव्हापासून साहेब काकांना जरा वचकूनच असत.

मी शेजारच्या खोलीत उंदरांवर काम करायची. उंदरांना कॅन्सरच्या गाठी झालेल्या असत. त्यांना मी मारलेले जंतू टोचायची, म्हणजे शरीराचे स्वतःचे पहारेकरी जागे होऊन गाठीवर तुटून पडावेत. ते काही जागे होत नव्हते. "मेलेल्यांना बघून कोण उठतंय गं?" असं काका दारातून डोकावून विचारत. ते परभणीकडचे, मी इथलीच, पण त्या मजल्यावर मराठी बोलणारी आम्ही दोघंच. त्यामुळे चिडवायला मी त्यांच्या हक्काची होते.

त्यातच भाषेवरून राज्याचे तीन तुकडे व्हायचं ठरलं. माणसं, कपाटं, सूक्ष्मदर्शक, सगळ्यांच्या याद्या होऊ लागल्या. काकांचं नाव औरंगाबादच्या यादीत लागलं. माझं कुठल्याच यादीत नव्हतं, कारण माझी जागा हंगामी. साहेबांनी सांगून टाकलं, की तीन महिन्यांत काहीतरी दाखवा, नाहीतर जागा रद्द. वडील नव्हते, घर माझ्या नोकरीवर चालत होतं. मी रडकुंडीला आले.

दुसऱ्या दिवशी काका काडेपेट्यांची चळत घेऊन माझ्या खोलीत हजर.

"काका, उंदरांना तरी सोडा!" मी चिडलेच.

"कायकू सोडायचं? पोट आहे ना त्यांना?"

तीन दिवस त्यांनी पिंजऱ्यापिंजऱ्यातून लेंड्या गोळा केल्या. तिसऱ्या दिवशी मला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. पाहते तर जंतांची अंडीच अंडी. "घरात पाहुण्यांचा तळ पडलाय," काका म्हणाले. "घरचं माणूस त्यांची उठबस करतंय. तुझे मेलेले जंतू दारात उभे, त्यांच्याकडे बघायला सवड कुणाला?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जंत ही पलीकडच्या खोलीची भानगड, असं मी इतके दिवस धरून चालले होते. मग नव्या उंदरांना आधी जंताचं औषध दिलं आणि सगळं पहिल्यापासून मांडलं.

निकाल लागायच्या आतच काकांना निघावं लागलं. काचीगुडा स्टेशनवर काकू ट्रंकेवर बसून खुशीत होत्या, आपल्या मुलखात चालल्या होत्या. गाडी हलताना काकांनी खिडकीतून माझ्या हातात तीन रिकाम्या काडेपेट्या दिल्या. "कळव. तिन्ही वेळा."

आणि गाठी आक्रसल्या! सगळ्यांच्या नाही, पण बऱ्याच उंदरांच्या. मी निकालाची चिठ्ठी घडी करून काडेपेटीत घातली आणि आबिड्सच्या पोस्टातून धाडली. कार्ड आलं: "पहिला नमुना पाहिला. चांगला आहे. अजून दोन पाठवा." मुदत संपायला आठ दिवस उरले होते. काकांचा मला असा राग आला! तरी मी साहेबांसमोर जाऊन म्हणाले, एकदा जमलंय, पण अजून दोनदा करून पाहायला हवं. साहेबांचा हात आपसूक पोटाकडे गेला. "तीसरी डिब्बी," ते पुटपुटले आणि त्यांनी मुदत वाढवून दिली.

दुसऱ्या खेपेला निकाल निम्म्यावर आला. तोही तसाच कळवला. काकांचं कार्ड आलं, "खरं लिहिलंस, बरं केलंस." तिसऱ्या खेपेला पुन्हा छान जमलं. माझी जागा कायम झाली. तिसरी पेटी टाकायला मी अक्षरशः धावत पोस्टात गेले.

उत्तर आलं ते वेगळ्या अक्षरात. काकांच्या मुलीनं लिहिलं होतं: "बाबा मागच्या महिन्यात गेले. तुमच्या दोन पेट्या त्यांच्या टेबलावर आहेत. तिसरी आली की शेजारी ठेव, असं सांगून ठेवलं होतं. ठेवली आहे."

मी काकांच्या त्या खोलीत बसून पोटभर रडले. पुढे या कामाबद्दल पुष्कळांनी पुष्कळ बरं लिहिलं. 'निर्दोष' हा शब्द मात्र ज्यांनी लिहायचा, त्यांच्याकडून राहूनच गेला.