लिफ्टवालीचे वेळापत्रक

श्रावणजी थूल यांनी आयुष्याची पंचावन्न वर्षे एकही सिनेमा शेवटपर्यंत न पाहता काढली होती, आणि त्याचे त्यांना कधी वाईटही वाटले नव्हते. आंजीत वाढलेल्या माणसाला वर्ध्यात सिनेमा पाहायचा, तर परतीची शेवटची गाडी पकडण्यासाठी वीस मिनिटे आधी उठणे भागच असे. पडद्यावरच्या माणसांचे पुढे काय झाले, ते श्रावणजी खिडकीशी बसून स्वतःच ठरवीत. आणि त्यांनी ठरवलेले शेवट, त्यांच्या मते, मूळ शेवटांपेक्षा सरसच निघत. पुढे ते एस.टी.त वाहक म्हणून लागले, चौदा वर्षांनी वाहतूक नियंत्रक झाले आणि वर्धा बसस्थानकातल्या काचेच्या खोलीत भोंगा हाती घेऊन बसले. कोणती गाडी कोणत्या फलाटावर, तिच्यावर चालक कोण, वाहक कोण आणि त्याची सुट्टी कोणत्या वारी, हे त्यांना कागद न उघडता सांगता येई. सिनेमाची उणीव अशा माणसाला कशाला भासावी?

अशा माणसाने २००७ च्या मे महिन्यात सहा दिवसांची रजा टाकली आणि बोरगाव मेघेच्या आपल्या घरात, दारे-खिडक्या लावून, जपानी कार्टून पाहिले. खात्यात ही गोष्ट पसरली तेव्हा कोणी विश्वास ठेवला नाही.

त्याचे कारण मयुरी. श्रावणजींची ही एकुलती एक मुलगी इंजिनिअर झाली होती आणि एका तंत्रनिकेतनात शिकवत होती. तिच्यासाठी हिंगणीचे स्थळ आले. मुलगा प्रफुल्ल, सेलूला संगणकाचे क्लास चालवणारा. घरी आई तानाबाई, वडील नाहीत. पाहुणे येऊन गेले, त्या दिवशी दोघांना अंगणात दहा मिनिटे बोलायला सोडले होते. दहाची चाळीस झाली. आत बसलेल्या वडीलधाऱ्यांना हसण्याचे आवाज ऐकू येत होते. एवढे हसण्यासारखे काय आहे म्हणून लीलाबाईंनी, म्हणजे मयुरीच्या आईने, पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर डोकावले, तर दोघे कुठल्याशा जपानी लिफ्टवालीबद्दल बोलत होते.

ही लिफ्टवाली म्हणजे सायो. नऊशे मजल्यांचे एक शहर आहे. प्रत्येक मजल्याचा कायदा वेगळा, हवा वेगळी, आणि माणसांचे हातपाय, डोळे, आठवणीसुद्धा यंत्राच्या करून मिळतात. त्या शहरात सायो लिफ्ट चालवते. तिचा डावा हात यंत्राचा आहे, आणि तिला रेन नावाचा धाकटा भाऊ आहे. १९९५ पासून जपानी लोकांनी तिच्यावर तीन चित्रपट आणि सव्वीस-सव्वीस भागांच्या दोन मालिका काढल्या होत्या. इंजिनिअरिंगच्या वसतिगृहांत त्यांच्या सीड्या हातोहात फिरत. मयुरी आणि प्रफुल्ल वेगवेगळ्या वर्षी अशाच वसतिगृहांत राहिलेले, त्यामुळे दोघांनाही लिफ्टवालीचे वेड होते. स्थळ जुळले ते, खरे सांगायचे तर, तिच्यामुळेच. मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी अकराचे साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरले.

आणि साक्षगंधाला आठ दिवस उरले असताना तिच्यामुळेच मोडायला आले.

फोनवर विषय निघाला होता तो हा, की लिफ्टवाली नव्याने पाहणाऱ्याने कुठून सुरुवात करावी. प्रफुल्लचे म्हणणे, ज्या साली जे निघाले त्या क्रमाने: पंच्याण्णवचा चित्रपट आधी, मग पुढचे. मयुरीचे म्हणणे, सायोच्या आयुष्यात जे आधी घडले ते आधी: २००६ च्या चित्रपटात तिचा हात जातो, तर सुरुवात तिथूनच. एवढ्यावर भागले असते. परंतु प्रफुल्ल बोलता बोलता म्हणून गेला की तू उलट्या बाजूने पाहिलेस, म्हणून तुला ते कळलेच नाही. लग्नानंतर मी तुला नीट क्रमाने दाखवीन. मयुरीने फोन ठेवला आणि आईवडिलांपुढे येऊन उभी राहिली.

"बाबा, आज हा मले सिनेमा कोणता पह्यले पाहाचा ते शिकवून राह्यला. उद्या नोकरी कोणती कराची ते सांगंन. मले नाई कराचं हे लग्न."

लीलाबाई रडू लागल्या. श्रावणजींचे काळीज दोन्हीकडे ओढले गेले. मुलीचे म्हणणे त्यांना शंभर टक्के पटत होते. मुलगाही त्यांना मनापासून आवडला होता, कारण बैठकीत त्याने त्यांना विचारले होते की गाडी उशिरा आली तर तुम्ही पुढची रिकामी सोडता की तिची वाट पाहता. असा प्रश्न विचारणारा जावई पुन्हा कुठे मिळणार? ते इतकेच म्हणाले की साक्षगंधापर्यंत कोणी हो म्हणू नये आणि कोणी नाहीही म्हणू नये. प्रकरण त्यांनी तपासाला घेतले होते.

मयुरीकडे एकूण तेवीस सीड्या होत्या. सोमवारी ती कामावर गेली की श्रावणजी आणि लीलाबाई टीव्हीपुढे बसले. पात्रे जपानी बोलत आणि खाली इंग्रजी अक्षरे पळत. श्रावणजी दर वाक्याला चित्र थांबवून लीलाबाईंना मराठी सांगत. परंतु कोणती सीडी आधी लावायची, हे त्यांनी ठरवले ते ना प्रफुल्लच्या क्रमाने, ना मयुरीच्या. ते वर्ष भारनियमनाचे होते. सकाळी साडेनऊला वीज येई ती दीडला जाई, आणि पुन्हा साडेचारला येई. श्रावणजींनी तीस वर्षांच्या सवयीने आधी प्रत्येक सीडी किती मिनिटांची ते लिहून काढले, आणि उपलब्ध वेळेत जी फेरी बसते ती आधी सोडली. लांब पल्ल्याचे चित्रपट सकाळी, मालिकांचे भाग संध्याकाळी, आणि मधे पाच मिनिटे उरली तर एखाद्या भागाचे नुसते शेवटचे गाणे.

त्यामुळे त्या घरात हलकल्लोळ माजला. सोमवारी सकाळी रेन मेला. पंच्याण्णवच्या चित्रपटाच्या शेवटी तो सहाशेव्या मजल्यावरून पडतो आणि सायोचा यंत्राचा हात त्याला एका बोटाने हुकतो. लीलाबाईंनी दुपारी जेवण घेतले नाही. शेजारच्या आनंदाबाई डोकावल्या, तेव्हा त्यांना एक तरुण पोरगा गेल्याचे सांगण्यात आले, आणि कोणाचा ते पूर्ण कळण्याआधीच त्यासुद्धा पदराने डोळे पुसू लागल्या. संध्याकाळी साडेचारला वीज आली, श्रावणजींनी दुसऱ्या मालिकेची मधलीच सीडी लावली, आणि रेन चाळिसाव्या मजल्यावर शेवयांचे दुकान थाटून गिऱ्हाइकाशी भांडताना दिसला. लीलाबाई उठल्या आणि थेट स्वयंपाकघरात जाऊन रव्याचा हलवा करू लागल्या. आनंदाबाईंकडेही वाटी गेली. मंगळवारी सकाळी दुसऱ्या चित्रपटात रेनचे वर्षश्राद्ध निघाले.

"काहो," लीलाबाई नवऱ्याला म्हणाल्या, "हा पोरगा मरते का जगते, ते एकडाव नक्की सांगा. माया घरातला रवा संपून राह्यला."

हाच प्रश्न मयुरी आणि प्रफुल्ललाही पडला होता, आणि दोघांनी आपापले उत्तर शोधले होते. प्रफुल्ल म्हणे, मालिकेतला रेन खरा नाही, सायोच्या यंत्रात साठवलेली आठवण आहे. मयुरी म्हणे, मालिका आधी घडते आणि मरण नंतर. दोघांनी सारे एकाच ओळीत मांडले होते, आणि ती ओळ कुठे तरी सुटत होती.

श्रावणजींना ती सुटलेली जागा सापडली गुरुवारी. विचार करून नव्हे. डोळ्यांना लागलेल्या सवयीने. पंच्याण्णवच्या चित्रपटात दिव्यांच्या उत्सवाच्या दिवशी सायो सात नंबरच्या लिफ्टवर असते; तिच्या टोपीवर नंबर लिहिलेला आहे आणि मागे भिंतीवर तारीख. पहिल्या मालिकेच्या नवव्या भागात तोच उत्सव, तेच साल, तीच तारीख. सायो बारा नंबरच्या लिफ्टवर. श्रावणजींनी चित्र थांबवले. मग सीडी काढली, दुसरी घातली, पुन्हा पहिली घातली. एकच कर्मचारी, एकच तारीख आणि दोन गाड्यांवर नोंद: हे होऊच शकत नाही. खात्यात अशी चूक झाली असती तर त्यांनी स्वतः चौकशी लावली असती. चूक नव्हती, याचा अर्थ सायो एक नव्हती.

त्यांना जे झाले, त्याचे वर्णन लीलाबाई पुढे कित्येक वर्षे करीत. बनियनवर असलेला हा गंभीर गृहस्थ खोलीच्या मधोमध उभा राहून, हाताचा भोंगा करून, रिकाम्या भिंतीला सांगू लागला की वर्धा–आर्वी व्हाया आंजी आणि वर्धा–आर्वी व्हाया पुलगाव या दोन वेगळ्या गाड्या आहेत, प्रवाशांनी याची नोंद घ्यावी. लीलाबाईंना वाटले, ऊन बाधले. त्यांनी कांदा फोडून नाकाशी धरला. श्रावणजी कांद्यासकट हसत होते. उरलेले दीड दिवस त्यांनी बाकीच्या सीड्या याच नजरेने तपासल्या आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर दोन रंगांत तक्ता काढला.

शनिवारी सकाळी प्रफुल्ल आणि तानाबाई आले. साक्षगंध होणार की नाही, हे विचारायलाच ते आले होते. तसे कोणी म्हणत मात्र नव्हते. चहा झाला. मयुरी दाराशी उभी होती, प्रफुल्ल आपल्या चपलांकडे पाहत होता. श्रावणजींनी भिंतीवर तक्ता टांगला आणि फलाटावरच्या आवाजात समजावून सांगितले. पहिले दोन चित्रपट हा एक मार्ग. तिथे रेन मरतो. दोन्ही मालिका आणि २००६ चा चित्रपट हा दुसरा. तिथे तो जगतो. लिफ्टवालीचे नाव तेच, शहर तेच, पण अर्ध्या वाटेत गाडी बदलायची नाही. सात नंबर आणि बारा नंबर, दोन्ही त्यांनी पुराव्यासह पडद्यावर दाखवले.

प्रफुल्ल उठून टीव्हीच्या इतका जवळ गेला की त्याचे नाक काचेला लागले. मयुरीही केव्हा शेजारी येऊन बसली, तिला कळले नाही. आपण सहा वर्षे पाहत होतो आणि टोपीकडे पाहिलेच नाही, असे ती म्हणाली. मी तर तो भाग क्लासमध्ये पोरांना दाखवला, असे तो म्हणाला. दोघेही चुकले होते, आणि त्या आनंदात दोघे हसू लागले. लीलाबाईंनी डोळे मिटून सुटकेचा निःश्वास टाकला, तोच प्रफुल्ल म्हणाला, "पण काकाजी, पह्यले तर पंच्याण्णवचाच मार्ग पाह्यला पाह्यजे. मूळ तोच नं."

मयुरीचे हसू विझले. ती उठून पुन्हा दाराशी गेली.

मग बोलल्या त्या तानाबाई. इतका वेळ त्या बशीतल्या चहाकडे पाहत बसल्या होत्या. जिच्यापायी माझ्या पोराचे लग्न मोडत आहे, ती बाई आहे तरी कशी, ते मला दाखवा, असे त्यांनी सांगितले. प्रफुल्लचा हात सवयीने पहिल्या सीडीकडे गेला. श्रावणजींनी तो मधेच धरला. प्रवाशाला कोणी गाडी सांगत नाही, म्हणाले. आधी त्याला विचारतात. मग तानाबाईंकडे वळून त्यांनी विचारले, "तुमाले कुठं उतराचं आहे, बाई?"

तानाबाईंनी विचार केला. त्यांच्यासारखे गंभीर होऊन या प्रश्नावर आजवर कोणी विचार केला नसेल.

"मले त्या पोराले मरताना नाई पाहाचं," त्या म्हणाल्या. "माया भाऊ विहिरीच्या कामावर गेलता, तो आलाच नाई. एक झालं तेवढं पुरे. मले तो शेवयावाला दाखवा."

प्रफुल्लने तोंड उघडले. आधी रेनचे मरण पाहिले नाही, तर त्याच्या जगण्याची गोडी काय कळणार, हे त्याच्या ओठांवर आले असावे. सगळ्यांना ते दिसले. त्याने आईकडे पाहिले. या मामाची गोष्ट तिने त्याला कधी सांगितली नव्हती. त्याने तोंड मिटले, आणि सीड्यांचा डबा उचलून मयुरीपुढे नेऊन धरला.

"तू लाव," तो म्हणाला. "मी चूप बसतो."

"चूप काऊन बसता?" मयुरी म्हणाली. "मले चूप बसणारा नाई पाह्यजे. इचारणारा पाह्यजे."

प्रफुल्लचे कान लाल झाले होते. "मंग इचारतो," तो म्हणाला. "आईले कोणता दाखवू?"

मयुरीने डब्यात बोट फिरवले, एका सीडीवर थांबली, पुन्हा मागे गेली, आणि पहिल्या मालिकेची पहिली सीडी काढून त्याच्या हातावर ठेवली. मराठी कोण सांगणार यावरून थोडी ओढाताण झाली. दोघे मिळून सांगू लागले, एक वाक्य त्याचे, एक तिचे. एक भाग संपला, दुसरा संपला. सायो बारा नंबरची लिफ्ट घेऊन चाळिसाव्या मजल्यावर थांबली, दार उघडले, आणि वाफेच्या मागून रेनने उधारीवर शेवया द्यायला नकार दिला. तानाबाई खळखळून हसल्या, पदर सावरला आणि भिंतीशी नीट टेकून बसल्या.

"लीलाबाई," त्या पडद्यावरची नजर न हलवता म्हणाल्या, "साक्षगंध उद्या अकराले आहे नं? मंग आज आम्ही इथंच राह्यतो. सकाळी दहापर्यंत अजून तीन भाग होतीन."

होणार नव्हते, सकाळी साडेनऊपर्यंत वीजच नसे. श्रावणजींनी लगेच पेन काढले आणि तक्त्याच्या कोपऱ्यात त्या दिवशीच्या संध्याकाळच्या तीन जादा फेऱ्या लिहिल्या.