कणसरीच्या कथेचा हुंकार

एका शिक्षक-प्रशिक्षणात इनुइट लोकांचा ऑनलाइन वर्ग पाहिला. बर्फाळ मुलखातली एक आजी पडद्यावरून शहरातल्या पोरांना आपली भाषा शिकवत होती. त्याच आठवड्यात मी जव्हारहून वारली बोलीचा रविवारचा ऑनलाइन वर्ग सुरू केला. नोकरीपायी ठाणे-पालघरला गेलेल्या आमच्याच लोकांची बावीस मुलं, आपल्या आजीशी हिंदीत बोलणारी. मला सगळ्याचीच घाई असते, हे आधीच सांगून टाकतो.

कणसरी ही आमची धान्याची देवी. तिची कथा पुरी येणारी आमच्या भागात एकच बाई उरली होती, पोशेरा गावातली माझी आत्या. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं आणि घशात गाठ होती. बुधवारी नाशिकला ऑपरेशन होतं. नंतर आवाज राहीलच असं नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. म्हणजे हातात एकच रविवार होता.

रेंज फक्त तिच्या घरामागच्या टेकाडावर मिळायची. तिथे खाटेवर लॅपटॉप मांडला, रेकॉर्डिंग लावलं आणि गोंगाट नको म्हणून सगळ्या मुलांचे माइक बंद केले. आत्याने घोटभर पाणी पिऊन सुरुवात केली.

आमच्याकडे कथा सांगणाऱ्याला समोरच्याने वाक्यागणिक ‘हूं’ म्हणून साथ द्यायची असते. हे मला लहानपणापासून ठाऊक, पण माझं अर्धं लक्ष रेंजच्या दांड्यांवर. अधूनमधून एखादा ‘हूं’ टाकत होतो. तिचा आवाज फाटायला लागला होता. कणसरी रुसून घर सोडायला निघाली, आणि आत्या थांबली.

“तू हूं करतोस, पन आयकत नाहीस,” ती म्हणाली. “पोरां निजलीत का?”

मी ओशाळलो. मुलं ऐकताहेत, त्यांचे आवाज मीच बंद केलेत, असं सांगितलं. तिथूनच पुढे सांग म्हणून गयावया केली. तिने मान हलवली. मोडलेली कथा मधून जोडत नाहीत, पहिल्यापासून सांगावी लागते. माझा पारा चढला. तेवढा घसा उरलाय का, असं मी तिच्यावर खेकसलो. आजही ते आठवलं की लाज वाटते.

तिने पुन्हा घोटभर पाणी घेतलं. मी माइक उघडले, मुलांना हुंकार समजावून सांगितला, आणि तिने पुन्हा पहिल्यापासून धरलं. या वेळी पोरं मागेपुढे का होईना, पण हूं म्हणत होती. कुणाच्या घरात कुकरची शिट्टी वाजत होती. आत्या खुलली. कणसरी परत रुसली, डोंगराकडे चालू लागली, घराघरातल्या कणग्या रिकाम्या झाल्या. तिला आणायला कोण गेलं, ते सांगायला आत्याने तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली. पाणी दिलं. ओठ हलत राहिले. तो आवाज पुढे कधीच परत आला नाही.

एका मुलीने ‘हूं’ म्हटलं. थोडं थांबून पुन्हा म्हटलं. मग तिने विचारलं, “सर, पुढे?”

आत्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि लॅपटॉपकडे बोट केलं. मी सांगावं, असं तिचं म्हणणं होतं. लहानपणी ही कथा मी तिच्या मांडीवर कितीदा तरी ऐकली होती, आणि दर वेळी शेवट यायच्या आत झोपलो होतो.

“पुढचं मला येत नाही,” मी मुलांना सांगितलं.

आत्याने हात काढून घेतला.