अळणी पाव

पिंपरीच्या नव्या कारखान्यात नोकरी विचारायला उपाशीपोटीच निघालो होतो. लढाईवरून परतलेल्या एका लंगड्या शिपायानं हाक मारून मला अंगणात बसवलं. मातीच्या भट्टीतला पाव त्यानं, मडकं घेताना वाजवतात तसा, बोटानं वाजवला आणि मला तुकडा दिला.

“अळणी लागतोय हो!” मी तोंड वाकडं केलं.

“अळणीच असतोय,” मिठाची वाटी पुढं सरकवत तो हसला. “इटलीत गोळी लागली, तवा एका म्हातारीनं घरात लपवून ह्योच पाव चारला. आता हितनं कुणाला उपाशी जाऊ देत न्हाई. माणसं खाल्ल्या मिठाला जागत्यात, राव. तिच्या पावात मीठच न्हवतं, तरी मी जागतोय.”

या गावात आपलं जमेल, असं वाटलं. वाटी बाजूला सारून मी दुसरा तुकडा मागितला.