श्यामराव आणि प्रश्न विचारणारा बंडू

श्यामरावांचा कोणावरही विश्वास नव्हता. रेल्वेत तीस वर्षं त्यांनी मालडब्यांची चाकं हातोडीने ठोकून, कान लावून, तडे शोधले होते. ‘सगळं ठीक आहे’ असं कोणी म्हटलं की त्यांना हमखास काळंबेरं दिसायचं. संशयाला औषध नाही म्हणतात, ते काही खोटं नाही.

हिवाळ्यात त्यांच्या हृदयाच्या नळीत स्टेंट बसला. डॉक्टर म्हणाले, रोज अर्धा तास चाला, सुरुवात सावकाश करा, थांबायचं तेही हळूहळू. चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. छातीत दुखलं तर मात्र तिथेच थांबा आणि लगेच कळवा. हे सगळं त्यांच्या पत्नीने, विनोदिनीबाईंनी, नीट ऐकलं. श्यामराव त्या वेळी गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख तपासत होते.

पुढच्याच आठवड्यात शेजारचा बंडू रायपूरच्या शंकर नगरातल्या बगिच्यात त्यांच्याबरोबर फिरायला लागला. एरवी आठ वाजेपर्यंत लोळणारा हा माणूस आता सहालाच फाटकाशी हजर. वर प्रश्नांचा भडिमार.

“भाऊ, काल जेवायले काय होतं? लेकीचं नवा रायपुरातलं ऑफिस कसं आहे?”

श्यामरावांनी मनात हिशेब मांडला. मराठी मंडळाच्या गणेशोत्सवाचं अध्यक्षपद बारा वर्षं त्यांच्याकडे होतं, आणि बंडूचा डोळा त्याच्यावर होता. म्हाताऱ्याला धाप लागते, हे एकदा पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, पसरलं की संपलं. कसला लबाड माणूस, असं वाटून त्यांना त्याचा मनापासून राग आला.

मग त्यांनी युक्ती काढली. काहीही विचारलं तरी एकच उत्तर द्यायचं, ‘हव’, म्हणजे हो. एवढं म्हणायला दम लागत नाही. शिवाय बंडूला मागे टाकायला ते रोज थोडं जास्त जोरात चालू लागले.

एका गुरुवारी तिसऱ्या फेरीला बंडूने विचारलं, “चहा झाला काय?”

“हव.”

“आज सोमवार आहे ना?”

“हव.”

बंडू थबकला. “भाऊ, मी तुमचा जावई आहे काय?”

“हव,” श्यामराव म्हणाले. कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या.

बंडूने त्यांचा दंड धरून त्यांना बाकावर बसवलं. “बोलून का नाही राहिले? वहिनींनीच मले पाठवलं होतं. डॉक्टरनं सांगितलं, बोलता येते का पाहत जा. तुम्ही घरी काही सांगत नाही म्हणून रडल्या बिचाऱ्या माझ्यापुढे.”

म्हणजे हा हेर होता, हे खरंच. फक्त कोणाचा, ते श्यामरावांनी चुकीचं ओळखलं होतं. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

“छातीत दुखते काय?”

उत्तराची वाट न पाहता बंडूने एकशे आठला फोन करून रुग्णवाहिकेला बगिच्याचा पत्ता सांगितला. मग घरी लावला. “वहिनी, मी बंडू...”

श्यामरावांनी फोन त्याच्या हातातून घेतला.

“विनोदिनी,” ते म्हणाले. श्वास घ्यायला थांबले. “छातीत दुखून राहिलं.” परत थांबले.

“तीन दिवस झाले.”