मामाची ओवी

जात्यावर गाताना शब्द खाल्ला की आई खुंट्यावरच्या माझ्या हातावर चापट मारायची. मलकापुरात आमच्या गल्लीत कुणाचंही लग्न निघालं, की हळद दळताना गायला तिला बोलावणं यायचं आणि जात्याला तिच्यासमोर मी बसायचे. जात्याची घरघर, मांडवातला गोंगाट, तरी तिचा शब्द न् शब्द बाहेर चुलीपाशी बसलेल्या बाईला कळायचा. गळा तसा बेताचाच होता. ‘सूर हिकडंतिकडं झाला तर देव माफ करतोय,’ ती म्हणायची, ‘पर हे बोलवणं हाय. आधी देवाला, मग पावण्यांना. तोंडातल्या तोंडात बोलवलं तर कोण यील का?’

गेल्या वर्षी माझा धाकटा भाऊ गेला. फौजेत होता, तिकडं वर बर्फातच गेला. तेव्हापासून आईनं गाणं सोडलं. मला रडू आलं नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. फोडणी देत होते, कपडे वाळत घालत होते, आत सगळं बधिर. बायका माझ्याकडं बघून कुजबुजायच्या. कुजबुजू देत, म्हटलं.

वर्षश्राद्ध झालं आणि माझ्या लेकीचं लग्न ठरलं. नवरीला मांडवात आणायचं मामानं, अक्षता पडताना तिच्या पाठीशी उभं राहायचं मामानं. तो मान माझ्या चुलत भावाला दिला. ठरवताना कुणाला जड गेलं नाही, मलाही नाही.

हळदीच्या दिवशी आई पलूसला आमच्या घरी आली आणि भिंतीला टेकून बसली. लावायची हळद दुकानातून आणलेली, जात्यात नावाला चार हळकुंडं. बाहेर साऊंडवाला ‘हॅलो, हॅलो’ करत होता. मी खुंटा धरला, समोर जाऊबाई. देवांच्या ओव्या झाल्या. मग मामाची. असशील तिथून ये आणि भाचीच्या पाठीशी उभा राहा, एवढंच तिच्यात असतं, आणि मामाचं नाव. जाऊबाईंनी ती गाळून आत्याची ओवी धरली. बायकांनी लगेच आवाज मिसळला. चांगल्या मनानंच केलं त्यांनी.

‘थांबा गं,’ आई म्हणाली. ‘मामाला बोलवायचं ऱ्हायलं.’

‘आवं मावशी, आता कशाला ते...’ जाऊबाई म्हणाल्या.

‘ऱ्हायलं म्हणते न्हवं?’ आईनं माझ्याकडं बघितलं. ‘तू म्हण. नीट म्हण.’

मान घेतलेल्या चुलत भावाचं नाव घातलं असतं तरी चाललं असतं. बायकांना तेच बरं वाटलं असतं. मी माझ्या भावाचं नाव घातलं. मान वर करून, तोंड उघडून गायले. एक अक्षर खाल्लं नाही. तेव्हाही मला काही वाटलं नाही. शब्द सुटे सुटे बाहेर जाताहेत, एवढं ऐकू येत होतं.

ओवी संपली. आईनं डोक्यावरचा पदर सारखा केला, भिंत सोडून ताठ बसली आणि दाराकडं बघत राहिली.

जाऊबाई खुंटा धरून थांबल्या होत्या. पुढची ओवी मला सुरूच करता येईना.